चिनी तळ्याची ओल

पावसाची वाट पाहणारी माणसे आमच्या नगर जिल्ह्यात घरोघरी आहेत. परंतु चार भिंतींच्या आत, पक्क्या छताखाली, बारमाही ओल राहावी म्हणून जिवाचे रान करणारा माणूस माझ्या माहितीत एकच, आणि ते माझे थोरले साडू. पाटबंधारे खात्यात त्यांची उभी हयात गेली. कर्जतकडच्या कोरड्या शिवारात पाणी पोचावे म्हणून त्यांनी पाटचाऱ्या आखल्या, उन्हातान्हात मोजण्या केल्या, शेवटच्या टोकाला पाणी मिळाले नाही म्हणून लोकांच्या शिव्या खाल्ल्या; आणि निवृत्तीनंतर ज्या माणसाने स्वतः निवांत पाणी प्यावे, त्याने सावेडीतल्या आपल्या बंगल्यात एका कपाटाला पाणी पाजायला घेतले.

हे कपाट चिनी. कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्याचे सामान मालकांच्या परदेशी गेलेल्या मुलांनी काढून टाकले, त्यात ते निघाले. आम्ही बाकीची मंडळी शिसवी खुर्च्या आणि पितळी समया हेरत हिंडत होतो. साडू मात्र अडगळीच्या खोलीत, पोपडे सुटलेल्या त्या काळ्या कपाटापुढे उकिडवे बसले होते. दोन दारे. दारांवर सोनेरी रेषांत एक तळे, तळ्यावर कमानीचा पूल, वर उडणारे सारस, आणि डाव्या कोपऱ्यात गळ टाकून बसलेला एक दाढीवाला म्हातारा. तळ्याच्या कडेकडेने रोगण उचलले गेले होते आणि खालचे लाकूड दिसत होते. "पाहिलंत?" ते मला म्हणाले, "तळं आटत चाललंय." एवढ्या एका वाक्यावर ते कपाट टेम्पोत चढले. मला आजही वाटते, ते त्यांनी खरेदी केलेच नाही. टंचाईचा अर्ज यावा तसे ते दाखल करून घेतले.

प्रथम देवळाली प्रवऱ्याचा एक ओळखीचा सुतार बोलावण्यात आला. त्याने कपाटाभोवती एक फेरी मारली, नखाने एक पोपडा उचकटला, त्यासरशी साडूंच्या तोंडून निघालेल्या आवाजाकडे दुर्लक्ष केले आणि निकाल दिला, "सायेब, घासून काढू समदं. वरून सनमायका मारतो. लई झ्याक दिसंल. पावन्यांना कळनार बी न्हाई जुनं हाय म्हनून." साडूंनी त्याला चहा पाजला, फाटकापर्यंत पोचवले आणि परत येऊन कपाटापुढे उभे राहिले. "मनावर घेऊ नका," असे त्या चिनी म्हाताऱ्याला म्हणताना मी त्यांना माझ्या कानांनी ऐकले. त्या दिवसापासून कपाटाचे वैद्य, परिचारिका आणि नातेवाईक, सर्व काही तेच झाले.

त्यांच्या पत्नी म्हणजे माझ्या पत्नीच्या थोरल्या बहीण, आमच्या अक्का. अक्कांची जीभ धारेची आणि हात उदार. पहिल्या दसऱ्याला घरातल्या सगळ्या हत्यारांची, वाहनांची पूजा झाली. आता एवढे मोठे कपाट उपाशी कसे ठेवायचे, म्हणून त्यांनी ओल्या कुंकवाने दारावर ठसठशीत स्वस्तिक रेखले. कुंकू भेगांतून आत मुरले आणि चिनी म्हाताऱ्याची दाढी लालभडक झाली. साडू रागावले नाहीत. त्यांनी कुठूनसे माहीत करून घेतले की अशा नाजूक कामाला माणसाच्या लाळेइतके सौम्य दुसरे काही नाही. आणि कापूस जिभेवर भिजवून ते म्हाताऱ्याची दाढी केस-केस पुसत बसले. आल्यागेल्या पाहुण्यांसमोर हा कार्यक्रम चाले. पण लाळ स्वच्छ हवी, म्हणून त्यांनी तरुणपणापासूनचे तंबाखूचे पान एका सकाळी बंद केले. "दाजी, बघितलंत?" अक्का मला म्हणाल्या, "मी जन्मभर डोकं फोडलं तरी सुटलं नाही. त्या थेरड्यानं एका दाढीत सोडवलं!"

आम्ही सारे हसलो होतो. कौटुंबिक समारंभांत त्यांचा विषय निघाला की जेवणाला चव येई, आणि त्या हसण्यात माझा आवाज सर्वांत मंद असला तरी होता, हे मला नमूद केले पाहिजे. पोपडे चिकटवायला फोडणीच्या पळीत त्यांनी सरस वितळवला तेव्हा आम्ही हसलो. पुढे अस्सल चिनी रोगण त्यांनी खटपटीने मिळवले, तेव्हा तर पोट धरून हसलो. आपल्याकडची लाख किड्यांची. हे रोगण म्हणजे एका झाडाचा चीक, आणि ते झाड आपल्या बिब्ब्याचे सख्खे भाऊबंद. व्हायचे तेच झाले. माझ्या मुलीच्या साखरपुड्याला साडू आले ते सुजलेल्या तोंडाने. डोळ्यांच्या नुसत्या फटी उरलेल्या. व्याही मंडळी बावरली. "घाबरू नका," अक्का त्यांना म्हणाल्या, "बिबा उतलाय. कपाटाच्या लग्नाची हळद लागलीय त्यांना." आणि साडू त्या फटींतून प्रसन्नपणे सांगत होते, "उतलं, म्हणजे माल अस्सल आहे."

या रोगणाचा स्वभाव असा विलक्षण, की ते उन्हात किंवा वाऱ्यावर वाळत नाही. ते वाळते दमट हवेत. जगातल्या साऱ्या वस्तू ओल गेली की सुकतात, हे रोगण ओल मिळाली की घट्ट होते. आणि हवा कोरडी पडली की खालचे लाकूड आकसते, वरचे रोगण टरफलासारखे सुटते. अशी वस्तू दैवाने नगरात आणून टाकली होती. साडूंनी कपाट ठेवलेल्या मागच्या खोलीच्या खिडक्यांना ओली गोणपाटे लावली, कूलर आत तोंड करून बसवला, परातींत पाणी ठेवले. हवेतली ओल मोजणारे एक घड्याळ त्यांनी देवघराशेजारी टांगले. सकाळी हात आधी कोणाला जोडले जात, याविषयी अक्कांचा आणि त्यांचा मतभेद होता. भर मे महिन्यात त्या घरात काडी पेटत नसे, मिठाला पाणी सुटे, आणि अक्कांचे पापड गच्चीवरून खणखणीत होऊन खाली आले की रात्र उलटायच्या आत पुन्हा मऊ पडत. पण तळे भरत होते. पुलाच्या कमानीखाली काळे पाणी पुन्हा चमकू लागले होते. साडू मला हात धरून आत नेत आणि कुजबुजत, "टोकापर्यंत पोचतंय बरं का. या खेपेला टोकापर्यंत."

त्याच सुमारास अक्कांना धाप लागू लागली. आधी ती धूळ ठरली, मग वय ठरले. जिना चढताना त्या मधेच कठड्याला धरून उभ्या राहत आणि कोणी पाहिले तर पायरीवरचा डाग पाहत असल्याचे दाखवत. शेवटी मी त्या दोघांना माझ्या गाडीतून डॉक्टरांकडे नेले. छाती तपासून डॉक्टरांनी विचारले, "घरात कुठे ओल, बुरशी असं काही?"

दिवसातून चार वेळा त्या कपाटाला सवत म्हणणाऱ्या अक्का क्षणभर साडूंकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "ओल? नगरात? डॉक्टर, आमच्याकडं नळाला पाणी यायची मारामार. ओल काय विकत आणायची?"

डॉक्टर हसले. मीही हसणार होतो. तेवढ्यात साडू म्हणाले, "आहे. मागच्या खोलीत. मीच केलीय."

घरी पोचताच साडूंनी चपलाही न काढता मागच्या खोलीत जाऊन कूलर बंद केला, गोणपाटे ओढून काढली, आणि एकेक करून सगळ्या खिडक्या उघडल्या. बाहेर मेची दुपार होती. वारा चुलीतून यावा तसा आत आला. मी त्यांच्या जागी असतो, तर "पावसाळ्यापर्यंत थांबू" असे काहीतरी मधले बोललो असतो. मी आयुष्यात मधलेच बोलत आलो आहे. त्यांनी परातीतले पाणी कुंडीत ओतले, आणि मग खाली बसून कपाटाच्या दारावर नुसता तळहात ठेवला.

तो उन्हाळा मला विसरता येत नाही. वाळत्या लाकडाचा बारीक टक् असा आवाज त्या घरात कधीही होई, आणि साडू बोलताबोलता थांबत. पडलेला प्रत्येक पोपडा ते पेढ्याच्या रिकाम्या खोक्यात कापसावर ठेवत. कधी सारसाचा पंख, कधी पुलाचा कठडा, बहुतेक वेळा नुसते काळे पाणी. एकदा मी गेलो, तेव्हा अक्का तांब्या घेऊन मागच्या खोलीच्या दारात उभ्या होत्या आणि साडू त्यांचा हात धरून होते.

"थोडं शिंपडते हो. एवढ्यानं काय मरणार नाही मी."

"नको. तुला सोसायचं नाही."

"माझ्यापायी मेलं ते," अक्का म्हणाल्या. "दाजी, तुम्ही तरी सांगा यांना."

आता तळे गेले आहे. सारस गेले, पूल गेला. दोन्ही दारांवर बहुतेक ठिकाणी नुसते भुरे लाकूड आहे. डाव्या कोपऱ्यातला म्हातारा तेवढा कसा कोण जाणे टिकून आहे. दाढीत अजून कुंकवाची पुसट झाक आहे, आणि त्याचा गळ कोरड्या लाकडावर लोंबतो आहे. साडू हल्ली त्याच्याशी बोलत नाहीत. ओलीचे घड्याळही त्यांनी उतरवून ठेवले. आम्ही घरात त्यांच्यावर हसत नाही, कारण हसण्यासारखे ते आता काहीच करत नाहीत. आणि याची चुटपुट माझ्या मनाला लागून राहिली आहे.

ज्या कपाटात एवढे दिवस सुपारीचे खांडही ठेवण्याची कोणाला परवानगी नव्हती, ते आता अक्कांच्या पलंगाशेजारी उभे आहे. त्यात त्यांच्या औषधाचा पंप असतो. धाप लागली की अक्का नुसती मान वळवतात. साडू उठतात, धोतराला हात पुसतात, आणि आता जपण्यासारखे काही उरले नसतानाही, दोन्ही हातांनी, अगदी सावकाश, ते दार उघडतात.