उणे दोन

तेजश्री साबळे आणि मी इंदापूरच्या एकाच कॉलेजात शिकवतो. ती भौतिकशास्त्र शिकवते, मी मराठी. तिच्याबद्दल स्टाफरूमला एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. तिला दुखावलं तर ती भांडत नाही. गप्प होते आणि वाट बघते. ऑफिसातला एक क्लार्क एकदा तिच्या जातीवरून काहीतरी पुटपुटला होता. पुढं त्याच्या निरोप समारंभात चार शब्द बोलायची पाळी तिच्यावर आली. तिनं त्याचं ते वाक्य जसंच्या तसं माइकवर म्हणून दाखवलं, हसून त्याच्या हातात पुष्पगुच्छ दिला आणि जागेवर जाऊन बसली.

तिची आत्या केसरबाई म्हणते, "आमची तेजा म्हंजी गवरीचा इस्तू. वरनं राख, आत लालभडक."

आई लवकर गेल्यामुळं तेजश्रीला या आत्यानंच वाढवलं, निमगाव केतकीत. त्यांचं रान कालव्याच्या अगदी शेवटाला. इकडं कालव्याच्या तोंडाला हेड म्हणतात आणि शेवटाला टेल. हेडची रानं भिजून भिजून चिबडतात, टेलला मात्र पाणी कधी येतं, कधी येत नाही. एका उन्हाळ्यात वरच्यांनी पाणी मधेच अडवलं, तेव्हा केसरबाई चारीच्या, म्हणजे कालव्यातून फुटलेल्या पाटाच्या, दारावर जाऊन बसली. साहेब आले, पुढारी आले. बाई हलली नाही. "टेलला पाणी आल्याबिगर मी उठत न्हाय," एवढंच म्हणत राहिली. शेवटी पाणी आलं. वस्तीवर आजही ही हकीकत सांगतात.

तेजश्री बीएस्सीला बारामतीत होती. वर्गात पणदऱ्याचा विजयसिंह होता. वडिलांचा ऊस, घरात ट्रॅक्टर, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्यानं चहा विसरावा. होस्टेलच्या कुणीतरी परदेशी खेळाचं एक पुस्तक आणलं होतं. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, त्याच्या तोंडून बोलायचं, अडचण आली की फासे टाकायचे. जो खेळ चालवतो तो सूत्रधार. आठवडाभर खेळून तेजश्री म्हणाली, "हे दुसऱ्यांचं जग कशाला? आपलं करू."

आणि तिनं ते केलं. शनीच्या एका चंद्रावर बर्फ वितळवून पाणी काढतात. ते पाणी एका लांबच लांब बंद कालव्यातून वस्त्यांना जातं. तोंडाशी हेडकरी, शेवटाला टेलकरी. टेलकऱ्यांची म्होरकी केसर नावाची, आत्यावरून घेतलेली. पाण्याचा दाब, गोठणं, दारं, सगळं तिनं गणित करून बसवलं. विजयसिंह सूत्रधार व्हायचा. सुट्टीत तो निमगावला यायचा, केसरबाईच्या हातची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खायचा आणि म्हणायचा, "आत्या, तुम्ही शनीवर फेमस आहात."

पुढं तो पुण्याला गेला, कंपनी काढली. ही इंदापूरला लागली. फोन कमी होत गेले. यात कुणाचा दोष नव्हता.

मग यंदा त्याचा मेसेज आला. 'लोहकालवा' नावाचं नियमपुस्तक येतंय, मराठीतला विज्ञानकथेचा मोठा खेळ, प्रकाशन बारामतीत, दुपारी, नक्की ये. सोबत कुरिअरनं पुस्तकाची प्रत. जाड, चकचकीत, रंगीत चित्रांचं. मुखपृष्ठावर एकच नाव होतं, विजयसिंहाचं. आभाराच्या पानावरही तेजश्री नव्हती.

"नाव गेलं तर जाऊ दे," ती मला म्हणाली. खरंच म्हणाली. पुढची पानं तिनं अजून वाचली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती स्टाफरूममध्ये आली आणि पुस्तक उघडं करून माझ्यासमोर ठेवलं. टेलकऱ्यांचं पान. 'बुद्धी उणे दोन. आज्ञापालन अधिक तीन. हेडकऱ्यांच्या सेवेसाठी उपयुक्त जमात. टेलकरी खेळवताना हाय, न्हाय असं बोलावं, खेळात गंमत येते.' शेजारी चित्र. डोक्यावर पदर घेतलेली, कमरेत वाकलेली बाई, खाली 'केसर' असं नाव.

मी काही बोलणार, तर तिनं हात वर केला. तिचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता. "काल आत्याला वाचून दाखवलं."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, हे उणे दोन कुणी दिलं? म्हटलं, विजयसिंहानं. तर म्हणाली, आपल्यात जेवायचा त्योच का? म्हटलं, व्हय. मग भांडी घासत बसली. बऱ्याच वेळानं म्हणाली, मलापण ने तिथं."

प्रकाशनापर्यंत तेजश्रीनं ते पुस्तक परीक्षेच्या अभ्यासासारखं वाचलं. विजयसिंहानं तिच्या कालव्याची गणितं तशीच उचलली होती. त्यात तिचाच एक जुना नियम होता. टेलला सांडव्याचं, जादा पाणी बाहेर सोडायचं, एक दार आहे, ते दर फेरीला टेलकऱ्यानं उघडायचं. उघडलं नाही तर दाब मागं चढत जातो आणि शेवटी हेडचे नळ फुटतात. तो नियम तिनं मुद्दाम घातला होता, हेडवाल्यांना टेलची आठवण राहावी म्हणून. विजयसिंहानं त्यावर आज्ञापालन चढवलं, हेडकऱ्यानं हुकूम दिला की टेलकऱ्यानं दार उघडलंच पाहिजे. आणि आज्ञेच्या नियमात लिहिलं होतं की हुकूम हेडकऱ्यानं समोर उभं राहून दिला पाहिजे.

"टेलला कोण येतंय हुकूम द्यायला?" ती म्हणाली. तिच्या ओठांवर जे आलं ते हसू नव्हतं.

आम्ही तिघी माझ्या गाडीतून बारामतीला गेलो. सभागृह गच्च भरलं होतं. पुण्याची मुलं, कॉलेजची मुलं, पुढच्या रांगेत विजयसिंहाचे नातेवाईक. भाषणं झाली. मग स्टेजवर टेबल मांडलं, वर मोठा पडदा. विजयसिंह म्हणाला, "आता खेळून दाखवू. कोण येतं?"

तेजश्रीनं हात वर केला.

"अरे वा! ही माझी कॉलेजची मैत्रीण," तो खुलला. अगदी मनापासून. "कुठलं पात्र घेतेस?"

"टेलकरी."

"मग त्यांच्या भाषेत बोलायचं हं!"

लोक हसले. तेजश्री खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "बोलतो की. आमाला दुसरी कुठली येती?"

पुन्हा हशा. आणखी तिघं स्टेजवर आले, त्यांनी हेडकरी घेतले. हेडचा प्रमुख कोण यावरून त्यांचं भांडण सुरू झालं, फासे पडू लागले, सभागृह रंगलं. पहिल्या फेरीला विजयसिंहानं विचारलं, "टेल, दार उघडलं?"

"न्हाय."

त्याला वाटलं, विनोद आहे. दुसऱ्या फेरीलाही न्हाय. पडद्यावरचा दाबाचा काटा चढला. हेडचा एक खेळाडू घाईनं म्हणाला, "मी रेडिओवरून तिला हुकूम देतो. आज्ञापालन अधिक तीन आहे ना?"

"पुस्तकात बघा," तेजश्री म्हणाली. "समोर उभं राहून द्यायचा हाय."

त्या मुलानं पान काढलं, मोठ्यानं वाचलं. तसंच होतं. आता निघाले तरी टेलला पोचायला फेऱ्या पुरणार नव्हत्या. विजयसिंहाच्या कपाळावर घाम दिसू लागला. तो माइक बाजूला धरून वाकला, पण माइक चालूच होता. "तेजू, डेमो आहे. उघड ना दार."

"दार उघडायचं कवा ते कळायला बुद्धी लागती, सूत्रधार," ती म्हणाली. "माझी उणे दोन हाय."

मागच्या रांगा आधी हसल्या. मग हसणं विरलं, कारण ती हसत नव्हती. पुढच्या फेरीला नळ फुटले. हेडच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या आणि गोठल्या. नियमाप्रमाणे विजयसिंहाला एकेका पात्राचं नाव घेऊन मेल्याचं जाहीर करावं लागलं. त्यानं आटोपतं घ्यायला बघितलं. "सगळ्यांची घे," तेजश्री म्हणाली. "नियम हाय."

त्यानं सगळ्यांची घेतली.

मग तिनं पुस्तक उचललं आणि टेलकऱ्यांचं पान शांतपणे, साध्या पुस्तकी मराठीत वाचलं. "हे जग मी केलं," ती म्हणाली. "त्यानं ते घेतलं. तेही चाललं असतं. ही चित्रातली बाई मात्र इथं बसली आहे."

केसरबाई उभी राहिली. वाकलेली नव्हती. ताठ उभी राहिली आणि विजयसिंहाकडं बघत राहिली. त्यानं मान खाली घातली. मग ती मला म्हणाली, "चला बाई, उशीर झाला," आणि आम्ही निघालो.

कुणीतरी सगळं मोबाईलवर घेतलं होतं. ते फिरलं. ज्यांनी पुस्तकं आगाऊ मागवली होती त्यांनी ती नाकारली. पुण्याच्या दुकानांनी गठ्ठे परत पाठवले.

महिनाभरानं विजयसिंह निमगावला आला. रविवार होता, मी तिथंच होते. तो दारातच उभा राहिला.

"ते पान मी लिहिलं नव्हतं. लेखकांची टीम होती. मी नीट वाचलंच नाही."

"वाचलं नाहीस," तेजश्री म्हणाली. "म्हणून मला बोलावलंस. मला आनंद होईल असं वाटलं तुला."

"खरंच वाटलं."

त्याचं हे वाक्य खरं होतं, आणि तिला तेच सर्वांत जास्त लागलं, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

केसरबाई आतून म्हणाली, "च्या टाकू का?"

"नको आत्या. तो थांबणार नाही."

तो म्हणाला, नवी आवृत्ती काढू, तुझं नाव आधी, माझं नंतर. पान बदलू. हवं तर चित्रात त्या ताठ उभ्या दाखवू. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "हेड काढ. टेल काढ. कालवा काढ. माझं जे जे आहे ते काढून उरलेलं पुस्तक खुशाल विक."

"मग उरतं काय?"

"ते तू बघ."

"इतका राग, तेजू? मी माफी मागतोय."

"माग की. मी द्यायलाच पाहिजे असं कुठं हाय?"

तो गेला. गाडी वळेपर्यंत केसरबाई दारात उभी होती. भाचीला म्हणाली, "पाणी तरी इचारायचं हुतंस." त्या एका गोष्टीवरून दोघी आठवडाभर एकमेकींशी धड बोलल्या नाहीत. आत्याच्या मते, दारात आलेल्याला पाणी द्यावं आणि मग हाकलावं.

लोहकालवा बाजारातून गेला. विजयसिंह आता दुसरं काहीतरी करतो.

दिवाळीनंतर तेजश्रीचं स्वतःचं नियमपुस्तक आलं. इंदापुरातच छापलं, साध्या कागदावर. मुद्रितं मी तपासली. त्यात कुणाचीच बुद्धी उणे नाही आणि सगळी पात्रं निमगावच्या बोलीत बोलतात, हेडकरीसुद्धा. प्रकाशन केसरबाईनं केलं, विहारासमोरच्या मांडवात. फीत कापून झाल्यावर तिनं विचारलं, "आता ह्याचं करायचं काय?" मग मुलांबरोबर खेळायला बसली आणि उठेना.

मुद्रितं तपासताना मला त्यात हेडचा एक अधिकारी सापडला. विजयसिंग नावाचा. गोष्ट कशीही फिरवा, हा माणूस प्रत्येक खेळात सांडव्यात पडून बुडतो, त्याला फासेही टाकायला मिळत नाहीत.

मी म्हटलं, "अगं, झालं ना आता. दुकान बंद झालं त्याचं. हे नाव तरी बदल."

तिनं पेन घेतलं, ते पान समोर ओढलं, थोडा विचार केला.

"आधी जरा पोहायला लावते," ती म्हणाली. "लगेच बुडतोय सध्या."