पटावरची मनीषा

"मॅडम, नऊ मुलं मिळाली!" ईशा धावतच माझ्या केबिनमध्ये आली. हातात फॉर्मचा गठ्ठा, पांढरे बूट चिखलाने माखलेले.

ईशा पुण्याच्या एका कॉलेजची. तिची बॅच 'शहरी शिक्षण' समजून घ्यायला आठवडाभर नाशिकला आली होती. मी तेव्हा पेठ रोडकडच्या एका महापालिका शाळेची मुख्याध्यापिका. आधीच्या दोन बॅचनी आमची एकच भिंत दोनदा रंगवली होती. म्हणून या वेळी ब्रश न देता मी त्यांना कामाला लावलं. हरसूल, पेठकडून द्राक्षछाटणीला आणि बांधकामावर आलेली कुटुंबं मोकळ्या प्लॉटवर पालं ठोकून राहतात. तिथली शाळाबाह्य, म्हणजे कुठल्याच शाळेत न जाणारी मुलं शोधा, म्हटलं.

यात माझा स्वार्थ होता, तो आधीच सांगून टाकते. पट म्हणजे शाळेतल्या मुलांची संख्या. त्यावर शिक्षकांची पदं ठरतात. आमचा पट घसरला होता, एक शिक्षिका जाणार होती. नऊ मुलं म्हणजे देवच पावला.

दुसऱ्या दिवशी मुलं आली. आठ लहान आणि एक तेरा वर्षांची मनीषा, हातात तान्हा भाऊ.

"कितवीपर्यंत शिकलीस?"

"सातवीत हाय बाई. आश्रमशाळेत. दिवाळीच्या सुट्टीत आले. आई बाळंत झाली, तिला बरं नाय म्हणून राहिले."

आश्रमशाळा म्हणजे सरकारी निवासी शाळा. राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं तिथेच. मी तिचं बोलणं नीट ऐकलं होतं. तरी म्हणाले, "मग आता इथेच ये. आईजवळ राहशील."

ऑनलाइन नोंदणीत मुलाचं नाव एका वेळी एकाच शाळेत राहतं. आम्ही मागणी टाकली, तिकडून मान्य झाली, नाव आमच्या पटावर आलं. निघताना बॅचने बॅनर धरून फोटो काढला. मनीषाला नवं दप्तर देताना ईशा रडली. मीही भाषण ठोकलं.

डिसेंबरात पालं उठली. आठवड्याभराने मनीषा आणि तिचे वडील गेटवर उभे.

"बाई, आश्रमशाळेत परत गेले तर सर म्हणतात तुझं नाव नाय. माझी पेटी बाहेर काढून ठेवली."

"गावात शाळा चौथीपर्यंतच हाय," वडील म्हणाले. "आमच्या घरात सातवीत गेलेली ही पयलीच. तेवढं नाव परत द्या."

मी तिकडच्या मुख्याध्यापकांना फोन लावला. ते म्हणाले, "मॅडम, तिच्या जागी वेटिंगमधली मुलगी घेतली. आता जूनमध्ये बघू." बसने हरसूलला त्या आश्रमशाळेत गेले, हात जोडले. मग वरच्या ऑफिसात अर्ज दिला.

साहेबांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "मुलगी तुमच्या पटावर आहे ना? मग ती शाळाबाह्य नाही. तक्रार कशाची?"

सही माझीच होती.

ईशाला फोन केला. "मॅडम, आमचा रिपोर्ट सबमिट झालाय. मनीषाचीच सक्सेस स्टोरी आहे त्यात." मग म्हणाली, "मी आता काय करू?"

आपण केलेल्या भल्याची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

जूनमध्ये जागा निघाली. मी निरोप पाठवला. ती गेली नाही.

दिवाळीनंतर नवी बॅच आली. तिसऱ्या दिवशी एक मुलगा खुशीत फॉर्म घेऊन आला. "मॅडम, एक मोठी मुलगी सापडली. एकदम शाळाबाह्य!" फॉर्मवर नाव होतं मनीषा.

मी तशीच पालावर गेले. भाऊ आता तिच्या कडेवर होता. पालात तिची पत्र्याची पेटी दिसली. तिच्यात भावाचे कपडे आणि छाटणीची कात्री.

"आश्रमशाळेत जागा आहे गं अजून. मी स्वतः येते सोडायला."

"नको बाई," ती म्हणाली. आवाजात रागसुद्धा नव्हता. "परत नाव गेलं तर?"

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी आधी एकच गोष्ट विचारायचे, नाव कुठे आहे? दुसऱ्या कुठल्याही शाळेत असलं, तर फॉर्म फाडून टाकायचे.

आमची ती शिक्षिका राहिली. छान शिकवते.