चित्रामागच्या दोन ओळी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सांगायला बसलो की पोस्टरांबद्दलच बोलत सुटतो — आताही तेच होणार, बघा.

मी एका मोठ्या चित्रकाराची जुनी लिथो पोस्टरं जमवतो. दगडावर काढून छापलेली. नाव सांगत नाही, तुम्ही ओळखाल. नोकरी वसईत, राहायला गिरीजला, आणि घरात भिंत दिसत नाही इतकी पोस्टरं. लोक वेडा म्हणतात — मला ते आवडतं. या नादात कागद स्वच्छ लागतो, मागूनसुद्धा. मागे कुणी काही गिरवलेलं असलं की आमच्यातले लोक नाकं मुरडतात.

मला हवं होतं ते पोस्टर शेजारच्या काकीकडे होतं. काका मुंबईला छापखान्यात दगड घासायचे. त्यांना ते तिथे मिळालेलं. निळी बाई, मांडीवर कोंबडा. तसं दुसरं मी कुठेच पाहिलं नाही. पण काकीला चित्राचं काय? मागच्या बाजूला तिच्या सुमनने पेन्सिलीने लिहिलं होतं — "आई वाडीत गेली. मी मोगऱ्याला पानी घातलं." सुमन नऊ वर्षांची असताना तापाने गेली. तिच्या हातचं दुसरं काही उरलं नव्हतं. दिवाळीआधी रंगकामाला तसबिरी उतरवल्या की काका पुठ्ठा काढून त्या ओळी वाचून दाखवायचे. काकीला वाचता येत नव्हतं. ती नुसती बोट फिरवायची.

काका गेले. मग काच तडकली, आणि चौकट बदलून आणतो म्हणून मी पोस्टर घरी आणलं. काकीला मागेपुढे कोण होतं? आज ना उद्या ते माझ्याकडेच येणार, असं मी धरूनच चाललो होतो. मऊ खोडरबर घेतलं. रागात नाही, घाईत नाही — कागदाला ओरखडा पडू नये म्हणून जपून, दुपारभर खोडत बसलो. लाज वाटते ती या जपण्याचीच.

नव्या चौकटीत घालून पोस्टर परत दिलं. दिवाळीआधी काकीने त्या ओळी वाचून दाखवायला हाक मारली. पुठ्ठा काढलेला, पोस्टर पालथं पडलेलं. चुकून पुसलं, असं म्हणता आलं नसतं का? शिव्या खाल्ल्या असत्या, संपलं असतं. मी म्हणालो, "मागे काही नव्हतंच, काकी. कोरंच होतं."

तिने माझ्यावर विश्वास ठेवला. शिकलेला ना मी! स्वतःवर मात्र ठेवला नाही. पुढे गॅस बंद केला का, काका जाऊन किती वर्षं झाली — सगळ्याचीच तिला शंका यायला लागली. पोस्टर तिने आपणहून दिलं. "ने बाबा, मना काय करायचाय त्याचा?" मी नेलं. नको म्हणालो नाही.

गेल्या वर्षी ती गेली. शेवटी शेवटी एकच विचारायची, आणि मलाच विचारायची, कारण सुमन आणि मी एका वर्गात होतो. मास्तर सुमनची पाटी वर्गभर फिरवायचे — अक्षर असं हवं म्हणून.

"अरे, माझ्या सुमनला लिवता येत होता का रे?"

मी म्हणायचो, "आठवत नाही, काकी."