खुर्ची नको, पंगतीत बसणार

ओम आणि तारा, परवा फोनवर तुम्ही विचारलेत, "आजी, आजोबांच्या पावडरीचा डबा आहे का अजून?" मी 'आहे' म्हटले आणि विषय बदलला. त्यांना जाऊन दीड महिना झाला. आता नीट सांगता येईल.

डिचोलीच्या घरी न्हाणीत पडल्यापासून आजोबांच्या मांड्यांतले बळच गेले होते. ते त्यांनी सोसले. सोसले नाही ते देवळातल्या समाराधनेचे जेवण. सगळा गाव जमिनीवर पंगतीत आणि यांना कोपऱ्यात टेबलखुर्ची. त्यांचा चुलतभाऊ बाबल तिथे आधीच बसलेला; इथे वारा छान म्हणत यांना बोलावू लागला. "यो रे, म्हाताऱ्यांक हांगा वारो बरो लागता!" आजोबा हसले, पण भात तसाच टाकून उठले...

दुसऱ्याच दिवशी तुमच्या बाबांची जुनी अर्धी चड्डी घालून ते बाजारातल्या जिममध्ये गेले. तिथे व्यायाम शिकवणारी श्वेता त्यांच्याकडून आधी नुसती खुर्चीवरून उठबस करून घेई, पुढे हातात वजने देऊन. तेव्हाच तुम्ही प्रथिनांची पावडर पाठवलीत. नवी वस्तू आधी देवाला, म्हणून आजोबांनी वाटीभर पावडरीचा नैवेद्य दाखवला आणि ती थेट उकळत्या पेजेत घातली. गोळेच गोळे! चव चॉकलेटची, तोंडी लावायला आंब्याचे लोणचे.

"अहो, हे खाणार कसे?"

"देवान खालें न्हय? मागीर म्हाका कित्याक चलना?" देवाला चालले तर मला का नाही, म्हणत त्यांनी सगळे संपवले. पुढच्या तपासणीला मी हे सांगितले तेव्हा डॉक्टरांना हसू आवरेना. तपासण्या पाहून ते म्हणाले, पावडर थोडीशीच, तीही गार दुधात. बाकी कुळथाची पिठी, अंडी, बांगडे चालू द्या.

पुढच्या समाराधनेला आजोबा पंगतीत मांडी घालून बसले. माझे लक्ष जेवणात कुठले! खीर झाली, माणसे उठू लागली... आजोबांनी एक पाय पुढे घेतला आणि कुठेही हात न टेकता उभे राहिले. टेबलावरून बाबल ओरडला, "आतां म्हाका सोबतीक कोण?"

"तूंय यो जिमांत!"

त्यानंतर त्यांनी एकही पंगत चुकवली नाही. शेवटची तर जाण्याच्या आदल्याच आठवड्यातली.

घरी ज्या खुर्चीवरून ते उठबस करत, ती अजून पडवीत आहे. डबा अर्धा उरला आहे; त्यातली थोडी पावडर मी रोज गार दुधात घेते. संध्याकाळी देवापुढे जमिनीवर बसते, आणि हात न टेकता उठते.