अल्बनीपर्यंतची टॅक्सी

मी फार्मासिस्ट. कुठल्या गोळीत किती मिलिग्रॅम काय आहे ते मला विचारा... भुतंखेतं, भास, दृष्ट असल्या गोष्टींना मी जन्मभर हसत आलेय. हे लिहितानासुद्धा स्वतःचीच चीड येतेय. पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

गोष्ट २००६ ची. आम्ही तेव्हा ऑकलंडला, अल्बनीत राहायचो. बाबा गेल्यावर आईला इकडे आणलं. सहा महिने राहिली. तिचं दिवसभर हीटर लावून बसणं, माझ्या ओट्यावरचे डबे हलवणं, कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याशी, म्हणजे इथल्या किराणा दुकानदाराशी, चक्क मराठीत गप्पा मारणं... खरं सांगू? मला तिचा कंटाळा आला होता. व्हिसा वाढवायचा अर्ज मी भरलाच नाही. आणि तिला तोंडावर सांगितलं, "आई, नाही म्हणाले गं ते."

"सरकारपुढे कुणाचं काय चालतं," म्हणाली बिचारी, आणि बॅग भरायला लागली.

मीच तिला पुण्याला नेलं आणि वृद्धाश्रमात ठेवलं. निघताना तिनं तिथल्या स्वयंपाकघरातून चमचाभर दही मागून आणलं आणि माझ्या तळहातावर घातलं. दही घेऊन निघालेलं माणूस परत येतं ना! "सहा महिन्यांत येते तुला न्यायला," मी म्हणाले. हे दुसरं खोटं.

ऑकलंडला उतरले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. अभयची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, हॉस्पिटलात ड्यूटी होती, म्हणून बाहेर रांगेतली टॅक्सी घेतली. ड्रायव्हर पन्नाशीचा सामोअन, धिप्पाड आणि हसतमुख. इथल्या रीतीप्रमाणे मी पुढे, त्याच्या शेजारी बसले. त्यानं बॅगा डिकीत टाकल्या. मग मागचं दार उघडून जरा वेळ धरून ठेवलं आणि हळूच लावलं. मला वाटलं, आधी नीट लागलं नसेल.

मोटरवेला लागल्यावर त्यानं आरशात बघत विचारलं, "ऑल गुड, आंटी?" आणि हीटर वाढवला. मला म्हणाला, "तुझी मम गारठलीय. पायात नुसत्या जॅन्डल्स आहेत ना."

आईच्या पायात घरीदारी जॅन्डल्सच, म्हणजे रबरी सपाताच, असायच्या. आमच्या मॉलमधून मीच घेऊन दिलेल्या, निळ्या.

"माझ्याबरोबर कुणी नाही!" मी जवळजवळ खेकसलेच. "आय ॲम अलोन."

त्यानं मान डोलावली. हीटर मात्र तसाच ठेवला.

घर आलं. त्यानं बॅगा दाराशी नेऊन ठेवल्या, परत गाडीपाशी गेला, मागचं दार उघडलं आणि वाकून हात पुढे केला. म्हाताऱ्या माणसाला उतरवताना करतात तसा. बराच वेळ तसाच उभा होता. मग दार लावलं. "ती आत यायचं नाही म्हणतेय," एवढंच म्हणाला. रागानं नाही, त्याला वाईट वाटत होतं. आणि गेला निघून.

मी बूटसुद्धा न काढता आश्रमात फोन लावला. तिकडे सकाळ. आईला ऑफिसात बोलावून आणलं.

"पोचलीस ना गं? अगं, मगाशी जरा डोळा लागला, तर काय मेलं स्वप्न! तुझ्या गाडीत मागे बसलेय. तो दांडगा माणूस बिचारा माझी चौकशी करतोय, आणि तू म्हणतेस, माझ्याबरोबर कुणी नाही." आई हसली. "मग मी बाई आत कशी येणार, बोलावल्याशिवाय?"

मी तिथेच रडत रडत व्हिसाचं सगळं सांगून टाकलं. आई म्हणाली, "बरं. आधी दोन घास खाऊन घे. दमली असशील."

नंतर मी रीतसर अर्ज केला, व्हिसाही मिळाला. ती आली नाही. दर वेळी "पुढच्या वर्षी बघू" म्हणायची. तिसऱ्या वर्षी गेली.

अभय म्हणतो, जेट लॅग. असेल. मग आईचं स्वप्न? मला एवढंच माहीत आहे, की त्या पाऊण तासात मी एकदाही मान वळवून मागच्या सीटकडे बघितलं नाही. तिथे कुणी नाही याची खात्री असती, तर सहज बघितलं असतं.