कागदावरचा झाडू

परळला आमच्या चाळीमागच्या हॉलमध्ये मी फ्रिज-एसी दुरुस्तीचा वर्ग घ्यायचे. वर्ग एका संस्थेचा, पण मान्यता राज्याच्या परिषदेची. काय शिकवायचं, किती तास शिकवायचं, परीक्षा कोणी घ्यायची, सगळं परिषद ठरवणार. आणि शिकून झालं की माणूस नोकरीला लागला पाहिजे, तसं नेमणूकपत्र दिसलं पाहिजे. त्या कागदात परिषदेचा सगळा जीव.

माझ्या बॅचला बऱ्याच बायका कोळीवाड्यातल्या होत्या, मासळी विकणाऱ्या. बाजारात त्यांचे फ्रीझर सारखे बंद पडायचे. मेकॅनिक म्हणायचा उद्या येतो, आणि तोवर पापलेटाची वाट लागायची. वैतागून त्या शिकायला आल्या. शिकल्या, आपले फ्रीझर उघडले, मग शेजारणीचे. आता बाहेरच्या बाजारांतूनही त्यांना बोलावणं यायला लागलं. मी तर हवेत होते.

परिषदेच्या लेखी मात्र त्या सगळ्या बेकार. नेमणूकपत्र कुठाय? आता मासळीबाजारात कोण कोणाला पत्र देतं? स्वतःचा धंदा दाखवायचा तर दुकानाचा परवाना हवा, आणि ह्यांचं दुकान म्हणजे पान्या-पकडीची पिशवी. संस्थेच्या सरांनी मग आपला मार्ग काढला. ओळखीच्या कंत्राटदाराकडून पत्रं आणली. सगळ्या जणी लोअर परळच्या एका मॉलमध्ये सफाई कामगार.

"सगळेच करतात हो मॅडम. तुम्ही फक्त सही करा, नाहीतर मान्यता जाईल," सर म्हणाले.

मान्यता गेली की वर्ग बंद. पुढच्या बॅचला आमच्याच चाळीतल्या पोरी नाव लावून बसलेल्या, हे मला काय कळत नव्हतं? पण माझं डोकं सणकलं. माझ्या आईने जन्मभर लोकांचे जिने झाडले. आमच्या विहारात लहानपणापासून एकच ऐकलं, शिका आणि हा झाडू सोडा. आणि आता पाना धरायला शिकलेल्या बायकांच्या हातात मीच कागदावर झाडू देऊ? नाही केली सही.

सरांनी माझ्या सहीशिवायच पत्रं पुढे सरकवली. परिषदेच्या आढावा बैठकीत अधिकारी ती चाळत खूश झाले. "वा, सगळ्या लागल्या की."

मी उभी राहिले. "साहेब, ही पत्रं खोटी आहेत. ह्यातली एकही बाई मॉलमध्ये नाही. बाजारात स्वतःचं काम करतात. चला, आत्ता दाखवते."

सरांचा चेहरा उतरला. अधिकारी शांतपणे म्हणाले, "मॅडम, मग मला शून्य लिहावं लागेल."

"लिहा. आणि कमावत्या बाईला बेकार का म्हणता, तेही त्याच्याखाली लिहा."

त्यांनी पहिलं लिहिलं. दुसरं नाही लिहिलं.

मान्यता गेली. संस्थेने मला नारळ दिला, शिकवायच्या मशीन टेम्पोत घालून नेल्या. चाळीत तर बायका तोंडावर बोलल्या, "तुझ्या तोऱ्यापायी आमच्या पोरींचं नुकसान." खरं होतं ते, आणि मला लागलंही. पण पुन्हा तीच बैठक झाली तर मी पुन्हा तशीच उभी राहीन.

मग बॅचमधल्या एका कोळीण मावशीचा फोन आला. "बाजार उठला की ये. पोरींना पण आण. फ्रीझर हाय माझा बंद पडलेला."

दुपारी बाजाराच्या धुतलेल्या ओल्या फरशीवर चाळीतल्या पोरी फ्रीझरभोवती जमल्या. मी लपवाछपवी केली नाही. "इथे प्रमाणपत्र मिळणार नाही. परिषदेच्या लेखी तुम्ही कुठेच नसाल. जायचं असेल तिने आत्ताच जा, मी रागावणार नाही."

दोघी गेल्या. त्यांना मी अडवलं नाही. बाकीच्या तिथेच थांबल्या. मग त्यातली एक ओढणी कमरेला खोचत पुढे आली.

"ताई, आधी प्लग काढायचा ना?"