गजाला बांधलेली झोळी

“आडनाव काय?” सरांनी विचारलं.

मी सांगितलं.

“हं. वाटलंच. बाई, झोळी सोडा. हे कॉलेज आहे, शेताचा बांध नाही.”

व्हरांड्यातल्या खांबाला अन् खिडकीच्या गजाला दोरी लावून मी लुगड्याची झोळी बांधली होती. आत माझी लेक झोपली होती. माझे हात हलंनात, म्हणून सरांनी शिपायाला सोडायला लावली. लेक दचकून उठली, किंचाळली. वर्गातली पोरं हसली. बाया खाली मान घालून बसल्या. त्यांच्यातल्या दोघी तर लेकुरवाळ्याच होत्या.

गंगाखेडच्या त्या कॉलेजात मुक्त शिक्षणाचे तास दर रविवारी असायचे. फाटकावर मोठ्ठा फलक होता, ‘घरसंसार सांभाळून पदवी घ्या.’ त्यो वाचूनच मी बी.ए.ला नाव घातलं होतं. नवरा कारखान्याच्या ट्रॅक्टरवर, सासू लोकाच्या रानात खुरपायला. लेक अंगावर पिणारी. तिला ठिवू कुठं? पालमहून यष्टीत मांडीवर घेऊन यायची. तासांना हजेरी भरली न्हाई तर परीक्षेला बसू देत न्हाईत. म्हणजे सालच जाणार.

त्या दिवशी मी बाहेर लिंबाखाली बसले. पोरीला पाजत खिडकीतून जेवढं ऐकू यायलं तेवढं लिहून घ्यायले. तास संपताना हजेरी सुरू झाली. माझं नाव आलं तशी मी बाहेरून वरडले, “हजर!”

“झाडाखाली बसलेला माणूस गैरहजर असतो,” सर म्हणाले. पुन्हा सगळे हसले.

यष्टीत खिडकीकडं तोंड करून रडले. घरी कोणाला सांगावं? सासू म्हणली असती, सोड की मंग, कोणी सांगितलंय. नवऱ्याचा फोन आला तर कसा गेला तास म्हणून विचारलं. चांगला गेला म्हणलं. लय एकटं वाटलं मला. इतकं एकटं मला बाळंतपणातबी वाटलं न्हवतं.

आठवडाभर त्येच डोक्यात. शेताचा बांध. शेताचा बांध. अन् एक दिवस लेकीला झोका देता देता माझी आई आठवली. आईनं मला पाटलाच्या रानात बाभळीला झोळीत टांगून कापूस येचला. पाटील आमच्या माठाला हात लावायचा न्हाई, पण झोळीला कधी न्हाई म्हणला न्हाई. कामून म्हणंल? येचणी त्याची होती. बाई राबायली तवर झोळी चालती. बाई शिकायली की खुपती!

डोकं सणकलं माझं. रडले कामून मी? लाज मला कशाची?

पुढच्या रविवारी पहिल्या गाडीनं गेले. वर्ग रिकामा होता. बाहेर न्हाई, आत बांधली झोळी. मागच्या कोपऱ्यात, ह्या खिडकीच्या गजापासून त्या खिडकीच्या गजापर्यंत. लेकीला टाकलं अन् शेजारच्या बाकावर बसले.

सर आले. बघतच राहिले.

“पुन्हा?”

मी उभी राहिले.  

“सर, झोळी सुटणार न्हाई. फाटकावरचा फलक आधी काढा, मंग झोळीचं बोला.”

कोणी हसलं न्हाई. कोणी माझ्या बाजूनंबी बोललं न्हाई. त्या दोघी लेकुरवाळ्या दुसऱ्या रांगेला जाऊन बसल्या. सर फळ्याकडं वळले. हजेरीला त्यांनी माझं नावच घेतलं न्हाई. माझ्या आधीचं नाव झालं, नंतरचं झालं. मी माझं नाव मोठ्यानं घेतलं, आडनावासकट, अन् म्हणलं, “हजर.” त्यांनी मांडलं का न्हाई, मला दिसलं न्हाई.

न मांडू दे. मी दर रविवारी हितंच बसणार, हितंच वरडणार. परीक्षेला अडवलं तर त्या फलकाखाली लेकीला घेऊन बसंन, पण घरी बसणार न्हाई.

तास सुटल्यावर लेकीला काखेत घेतलं, लुगड्याची घडी केली. शिपाई दारात किल्ली घेऊन उभा होता. दोरी तेवढी राहिली म्हणला.

“राहू द्या,” म्हणलं. “रविवारी लागती.”